ती शिकवण नव्हतीच म्हणे!

बाप्तिस्म्याआधीच दगावलेल्या तान्ह्या बाळाचं पुढे काय होतं, असा प्रश्न कुणी काढला की आमच्यातले शिकलेसवरलेले कॅथलिक हल्ली एक ठरीव उत्तर देतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात ते ऐकायला मिळतं, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मिळतं, एखाद्या तरुण फादरांच्या प्रवचनातही मिळतं. उत्तर असं: लिंबो ही चर्चची शिकवण कधी नव्हतीच. ते काही धर्मपंडितांचं मत होतं. भोळ्याभाबड्या लोकांनी त्याचा बाऊ केला. २००७ साली व्हॅटिकनने खुलासा केला आणि विषय संपला.

हे सांगताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो, त्याची मला मनस्वी चीड येते. मी बाहेरून दगड मारायला आलेलो नाही. कॅथलिक म्हणूनच जन्मलो, आजही दर रविवारी मिस्साला जातो. म्हणूनच घरच्यांनी घरचा इतिहास असा झटकून टाकावा, हे मला खपत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आदामापासून प्रत्येक माणूस आदिपाप घेऊन जन्माला येतो आणि बाप्तिस्म्याने, म्हणजे स्नानसंस्काराने, ते धुतलं जातं, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. मग दोन तासांचं बाळ पाणी पडण्याआधीच गेलं तर? त्याने स्वतः कसलंच पाप केलेलं नाही, पण आदिपाप तर आहे. स्वर्गाचं दार बंद, आणि नरकाच्या आगीत लोटायला मन धजत नाही. या अडचणीतून मध्ययुगातल्या पंडितांनी लिंबो नावाची जागा काढली. तिथे आग नाही, यातना नाहीत. पण देवाचं दर्शनही नाही, अनंतकाळपर्यंत नाही.

आता ‘ते नुसतं मत होतं’ हा पहिला दावा घेऊ. कबूल करण्यासारखं त्यात एवढंच आहे की कोणत्याही पोपने किंवा विश्वपरिषदेने लिंबो हे बंधनकारक श्रद्धासत्य म्हणून जाहीर केलेलं नाही. अक्षरशः पाहिलं तर बरोबर. पण चर्च जे जे शिकवतं त्यातलं श्रद्धासत्य म्हणून जाहीर केलेलं असतं तरी किती? बाकीचं सगळं मग शिकवणीत धरायचंच नाही? १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने जाहीर केलं की केवळ आदिपापासह मरणारेही नरकात उतरतात, शिक्षा मात्र वेगळी असते. हेच १२७४ साली ल्याँच्या परिषदेत मांडलं गेलं होतं. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा, यांशिवाय माणूस पापातून सुटत नाही. आता दोन तासांच्या बाळाने इच्छा कशी करावी, ते परिषदेलाच ठाऊक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोप पायस दहावे यांच्या नावाने निघालेल्या प्रश्नोत्तरीत अशी मुलं लिंबोत जातात, असं सरळ विधान आहे. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या गेलेल्या बाल्टिमोर प्रश्नोत्तरीच्या मोठ्या पुस्तकात ही सर्वसाधारण समजूत असल्याचं म्हटलंय. पण ती मुलं स्वर्गात जाऊ शकत नाहीत, हे मात्र तिथेही ठामपणे येतं. आणि १९५१ साली पोप पायस बारावे इटलीतल्या सुइणींपुढे बोलताना म्हणाले की मोठ्या माणसाला प्रेमाची एक कृती बाप्तिस्म्याच्या जागी पुरू शकते, पण न जन्मलेल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तो मार्ग खुला नाही.

पहिलं कम्युनियन घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला हे पाठ करायला लावताना, ‘बाळा, हे नुसतं धर्मपंडितांचं मत आहे हं, मनावर घेऊ नकोस’ असं कुणी सांगितलं होतं का?

आणि मत म्हटलं की दुसरंही मत चालायला हवं. चाललं का? सोळाव्या शतकात थॉमस दे व्हियो, म्हणजे कार्डिनल काजेतान, या डोमिनिकन पंडिताने मांडलं की गर्भातच दगावणाऱ्या बाळाला आईबापांची इच्छा आणि प्रार्थना तारू शकेल. हा कुणी बंडखोर नव्हता. ल्यूथरला समोर बसवून जाब विचारायला चर्चने ज्याला पाठवलं होतं, तोच हा. पुढे पोप पायस पाचवे यांनी त्याच्या ग्रंथातून तो मजकूर काढून टाकायला लावला. नुसतंच मत असेल, तर एकाच बाजूच्या मताला कात्री का लागली?

१७८६ साली इटलीत पिस्तोइयाच्या धर्मसभेने लिंबो ही आदिपाप नाकारणाऱ्या पेलेजियन पंथाची दंतकथा असल्याचं म्हटलं, तेव्हा १७९४ साली पोप पायस सहावे यांनी त्या विधानाचाच निषेध केला. धर्मसभेतल्या मंडळींना ही मुलं आगीत हवी होती, त्यामुळे पोपांची बाजू त्यातल्या त्यात माणुसकीची होती, हे खरं. पण लिंबोला दंतकथा म्हणू नका, असा हुकूम रोमहून निघाला होता, हेही खरं. आज आमचे उत्साही धर्मशिक्षक लिंबोला बिनधास्त दंतकथा म्हणतात. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांची खैर नव्हती.

पण परिषदा आणि पोप यांचं सोडून द्या. मत आणि शिकवण यांतला फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे. मृतदेहाचं काय केलंत, ते सांगा. पोप पाचवे पॉल यांच्या काळात, १६१४ साली, रोमन विधिग्रंथ निघाला. गरोदर बाई मेली तर तिच्या पोटातलं बाळ लवकर आणि जपून बाहेर काढावं, जिवंत असेल तर बाप्तिस्मा द्यावा. मेलेलं असेल आणि बाप्तिस्मा देता आला नसेल तर ते पवित्र जागेत पुरू नये, असा त्यात आदेश आहे. पुन्हा एकदा वाचा. आई आशीर्वादित मातीत, आणि तिच्याच पोटातलं बाळ कुंपणाबाहेर. १९१७ च्या चर्च कायद्यात कलम १२३९ हेच थोडक्यात सांगतं: बाप्तिस्म्यावाचून मेलेल्याला चर्चचं दफन नाही. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या मोठ्या माणसांना यातून सूट होती, बाळांना नव्हती. हा कायदा रोमपुरता नव्हता. तो गोव्याला लागू होता, वसईला लागू होता, मुंबईला लागू होता. १९८३ चा नवा कायदा येईपर्यंत कागदावर तोच होता.

त्या कायद्याने जमिनीवर काय केलं, ते पाहायचं तर आयर्लंडला जावं लागेल. तिथे खेडोपाडी ‘किलीनी’ नावाच्या जागा आहेत. पडक्या चर्चचा कोपरा, जुन्या मातीच्या गढीचं वर्तुळ, दोन शेतांमधला बांध, समुद्रकाठची ओसाड पट्टी. जी जमीन कुणाच्याच कामाची नाही, ती. अशा हजाराहून जास्त जागांची नोंद पुरातत्त्ववाल्यांनी केलीय, आणि त्यांतल्या काही तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होत्या. सूर्य मावळल्यावर बाप, नाहीतर घरातला दुसरा कुणी पुरुष, बाळाला कापडात गुंडाळून किंवा जमेल त्या पेटीत घालून न्यायचा. फादर नाहीत, प्रार्थना नाही, नाव नाही. खूण म्हणून शेतातलाच एखादा दगड, कुठे कुठे पांढऱ्या गारगोट्या. आई बहुतेक वेळा घरात बाजेवर. बाळ नेमकं कुठे पुरलंय, हे कित्येकींना आयुष्यभर कळलं नाही. यांना सांगा, की बाई, ते मत होतं.

‘ही खेड्यापाड्यातली अंधश्रद्धा, चर्चचा काय संबंध?’ हा पुढचा डाव. अंधश्रद्धा होती, नाही कुठे म्हणतोय? फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये, जर्मन मुलखात अशी देवस्थानं होती, जिथे मृत जन्मलेली बाळं नेली जात. स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्युरेनला पंधराव्या शतकाच्या अखेरीस काय चालायचं, त्याची हकिकत कॉन्स्टन्सच्या बिशपांनी रोमला कळवलीय. बायका त्या थंडगार देहाला निखाऱ्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उबेत ठेवायच्या आणि ओठांवर हलकं पीस ठेवायच्या. उबेच्या हवेने ते पीस हललं की बाळाने श्वास घेतला! लगेच पाणी, लगेच बाप्तिस्मा, आणि मग आशीर्वादित जमिनीत दफन. तिथलं उत्खनन झालं तेव्हा अडीचशेच्या आसपास अर्भकांचे सांगाडे सापडले. दुसरीकडे चर्चच्या पागोळ्यांखाली बाळं पुरत. छपरावरून ओघळणारं पावसाचं पाणी थोडंफार पवित्र झालेलं असेल, आणि ते वर्षानुवर्षं बाळावर पडत राहील, ही आशा.

बिशपांना हा प्रकार फसवणुकीचा वाटला आणि तो तसा होताही. पण त्या पिसाकडे डोळे लावून बसलेल्या बाईला ही भीती घातली कोणी? तिने काही लिंबोचा शोध लावला नव्हता. पाण्याच्या चार थेंबांवाचून तुझं लेकरू देवाला कधीही पाहणार नाही, हे तिला चर्चमध्येच ऐकवलं गेलं होतं. आधी दार लावायचं आणि मग फटीतून आत येऊ पाहणाऱ्याला अडाणी म्हणायचं, ही कुठली रीत?

आणि भीती नेहमी अशी केविलवाणीच राहते असं नाही. तिला पोलिसांचीही जोड मिळते. बोलोन्या शहरात मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबात आना मोरिसी नावाची ख्रिस्ती मोलकरीण होती. घरातलं तान्हं बाळ, एदगार्दो, तापाने फणफणलं. हे मूल असंच मेलं तर त्याचं काय होईल, या धास्तीने तिने गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. मूल जगलं. काही वर्षांनी ही गोष्ट चर्चच्या धर्मन्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या कानावर गेली. बाप्तिस्मा झालेलं मूल ज्यू आईबापांकडे राहता कामा नये, असा पोपच्या राज्यातला कायदा. जून १८५८ मध्ये पोलिसांनी सहा वर्षांच्या एदगार्दोला घरातून उचलून रोमला नेलं. युरोप-अमेरिकेत गदारोळ झाला. नेपोलियन तिसऱ्यानेही नाराजी कळवली. पोप नववे पायस बधले नाहीत. मूल रोममध्येच वाढलं, पाद्री झालं आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारलं. त्या मोलकरणीच्या डोक्यात कसलं ‘मत’ होतं, आणि त्या मतापायी एका आईचं मूल कसं गेलं, हे कुणी मला समजावून सांगेल का?

जुन्या गोष्टी झाल्या म्हणता? मग आजचा कायदा वाचा. १९८३ च्या चर्च कायद्यात कलम ८६८ आहे. मूल मरणाच्या दारात असेल तर आईबाप कॅथलिक असोत वा नसोत, त्यांच्या इच्छेविरुद्धही त्याला बाप्तिस्मा देणं वैध आहे, असं ते सांगतं. हे वाचणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध वाचकही असतील. बाळाचं पुढे सगळं ठीकच होणार अशी खात्री असती, तर आईबापांना डावलणारं हे कलम ठेवण्याची घाई कसली होती?

मग येतो दयेचा मुद्दा. संत ऑगस्टीनने तर या बाळांना नरकाच्या आगीतच घातलं होतं, सौम्यातली सौम्य शिक्षा असेल असं म्हणत. त्यामानाने लिंबो ही केवढी प्रगती! ऑगस्टीनलाही हे जड जात होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. ४१५ सालच्या, संत जेरोमला लिहिलेल्या पत्रात बालकांच्या शिक्षेचा विषय आला की आपण पेचात सापडतो, अशी कबुली त्याने दिलीय. एक्लानमच्या ज्युलियन या त्याच्या काळातल्या बिशपने त्याला थेट विचारलं होतं की तुझा देव नवजात अर्भकांचा छळ करतो काय. पंधराशे वर्षं ज्याला पाखंडी म्हणून हिणवलं, त्याचा तो प्रश्न आज प्रत्येक सुशिक्षित कॅथलिक विचारतो आणि उत्तर आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं असा आव आणतो.

संत थॉमस अक्वायनसने पुढे युक्तिवाद केला तो फारच हुशार. लिंबोतल्या बाळांना आपण काय गमावलंय हेच माहीत नसतं, त्यामुळे त्यांना दुःख नसतं. ती आपल्या परीने सुखात असतात. ठीक. बाळांचं भागलं. पण आईचं काय? तिला तर माहीत आहे. तिने आयुष्यभर जपमाळ ओढली, उपास केले, मरून स्वर्गात गेली. आणि तिथे तिला कळतं की आपलं पहिलं मूल इथे नाही आणि कधी येणारही नाही. ज्या स्वर्गात सगळे अश्रू पुसले जातात म्हणतात, त्या स्वर्गात ही बाई बसलीय कशी? थॉमसच्या युक्तिवादात तिला जागाच नाही. ब्रह्मचाऱ्यांच्या विद्यापीठांत हा प्रश्न सुटला, त्यामुळे असेल, पण सातशे वर्षांच्या चर्चेत सगळा हिशोब बाळाच्या वेदनेचा झाला. बाळंतिणीची बाजू कुणी मांडलीच नाही. दया म्हणून जी काही दाखवली ती न्यायाधीशाने स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी दाखवली.

शेवटचा आसरा २००७. पोपने लिंबो रद्द केलं, असे मथळे तेव्हा जगभर झळकले आणि आपल्याकडच्यांनी तेच धरून ठेवलं. आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाचा तो दस्तऐवज पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जानेवारीत मान्य केला आणि एप्रिलमध्ये तो प्रसिद्ध झाला. बेनेडिक्ट तर कार्डिनल असल्यापासून म्हणत होते की लिंबो हे गृहीतक आहे आणि आपण व्यक्तिशः ते सोडून देऊ. दस्तऐवज चांगल्या मनाने लिहिलाय. लिंबोत तारणाची कल्पना नको तेवढी आकसलेली आहे, असं तो म्हणतो. पण ही बाळं वाचतात असं तो सांगत नाही. आशा धरायला भक्कम आधार आहे, खात्रीचं ज्ञान नाही, असं सांगतो. आणि त्याच दस्तऐवजात हेही स्पष्ट आहे की लिंबोचा सिद्धांत धर्मशास्त्रीय मत म्हणून आजही शक्य आहे. म्हणजे उद्या एखाद्या फादरांनी तुमच्या दगावलेल्या नातवाबद्दल लिंबोच सांगितलं, तर त्यांना थोपवणारा नियम नाही. रद्द कुठे झालं? कोनाड्यात सरकवून ठेवलंय.

सरकवण्याची ही सवय जुनीच. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जीवनविषयक परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून एक भाग आहे. तुमचं बाळ आता प्रभूमध्ये जिवंत आहे, अशा आशयाचं वाक्य त्यात आधी आलं होतं. कितीजणींनी ते वाचून श्वास सोडला असेल! पण अधिकृत लॅटिन पाठ निघाला तेव्हा ते वाक्य त्यात नव्हतं. बाळाला पित्याच्या दयेवर आशेने सोपवा, एवढंच उरलं होतं. बदल झाला तोही गाजावाजा न करता. आधीच्या पाठाने धीर आलेल्या आईला कुणी कळवायला गेलं नाही.

सिद्धांतांचा विकास होतो, हे मला मान्य आहे. इंग्लिश धर्मपंडित न्यूमनने १८४५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण विकास म्हणायचं तर आधी आपण काय मानत होतो हे तरी कबूल करावं लागतं. ‘आम्ही ते मानतच नव्हतो’ म्हटलं की विकास राहत नाही, नुसती सारवासारव उरते. गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली हे १९९२ साली जॉन पॉल यांनी जाहीर कबूल केलं. २००० सालच्या मार्चमध्ये चर्चच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या पापांबद्दल त्यांनी सेंट पीटर्समध्ये देवाची क्षमा मागितली. आकाशातल्या ग्रहांपेक्षा त्या बाळांची गोष्ट का लहान? आयर्लंडमध्ये गावोगावचे काही फादर लोकांसोबत त्या ओसाड किलीनींवर गेले, प्रार्थना केली, जागांना आशीर्वाद दिला. बोलावण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. वरच्यांना अजून तेवढंही जमलेलं नाही.

तेव्हा फादर, आणि धर्मशिक्षक बाईंनो, पुढच्या वेळी कुणी म्हातारी आजी साठ वर्षांपूर्वी गेलेल्या लेकराबद्दल विचारेल, तेव्हा तिला ‘ती शिकवण कधी नव्हतीच’ असं सांगून तिलाच खोटं पाडू नका. तिने जे ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं. तिला सांगा: आम्ही हे शिकवलं, त्यावरून कायदे केले, तुमच्या बाळांना कुंपणाबाहेर ठेवलं, आणि त्यात आम्ही चुकलो.